बाई, तुमचं हेल्मेट कुठाय?

मी भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये राहते आणि शाळेत सायकलवरून जाते. तेही मोठ्या ऐटीत! पण एका प्रश्नाने माझी ऐट पार उतरवली. त्याचीच ही गोष्ट.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिचे फोटो मी वर्गात दाखवत होते. लहानपणी बाबांबरोबर खोपोलीला उभं राहून पाहिलेली मुंबई-पुणे शर्यत आठवली. बोरघाट चढणारे ते सायकलपटू आणि सगळ्यांत आधी वर पोचणारा ‘घाटाचा राजा’!

‘‘बाई, सगळ्यांनीच हेल्मेट घातलंय!’’ एक जण म्हणाला.

‘‘नियमच आहे तसा,’’ मी सांगू लागले. १९९१ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने हेल्मेटची सक्ती करायची ठरवली, तर खेळाडूच रुसून बसले. सक्ती बारगळली. १९९५ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये घाट उतरताना इटलीचा ऑलिंपिक विजेता फाबियो कासार्तेल्ली पडला आणि गेला. मार्च २००३ मध्ये ‘पॅरिस-नीस’ शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह गेला. दोघांचीही डोकी उघडी होती. तेव्हा कुठे मे २००३ पासून सक्ती झाली.

मग ब्रेकची पाळी आली. पावसात चाकाची कड ओली झाली, की ब्रेकचं रबर घसरतं. डिस्क ब्रेक पावसातही चांगली पकड घेतो. २०१८ मध्ये त्याला शर्यतीत कायमची परवानगी मिळाली. हँडल किती अरुंद चालेल, यावरही २०२६ पासून मर्यादा आहे : किमान ४० सेंटिमीटर.

मग आम्ही एक प्रयोग केला. दोन पणत्या घेतल्या. एक तशीच टेबलावरून सोडली. खळ्ळकन फुटली! दुसरी थर्माकोलमध्ये गुंडाळून सोडली. थर्माकोल चेपलं, पणती शाबूत. हेल्मेटच्या आतही असंच असतं. ते स्वतः चेपतं आणि डोकं वाचवतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘बाई, तुमचं हेल्मेट कुठाय?’’

विचारणाऱ्याच्या कपाळावर चार टाक्यांची खूण होती. गेल्या पावसाळ्यात ब्रेकची रबरं झिजलेली सायकल घेऊन तो उतारावर पडला होता. तेव्हा मीच त्याला रागावले होते. आता काय बोलणार? मी गप्प!

त्याच संध्याकाळी हेल्मेट आणलं. सायकलवाल्याकडून ब्रेकही बघून घेतले. आता रोज सकाळी तो पठ्ठ्या शाळेच्या फाटकात उभा असतो. ‘‘बाई, पट्टा सैल आहे,’’ म्हणतो. मी मुकाट्याने पट्टा घट्ट करते.

मित्रांनो, शर्यतीतल्या शूरांना हे कळायला बारा वर्षं आणि दोन जीव लागले. तुम्हाला किती वेळ लागेल? आधी जरा खाली जा आणि आपल्या सायकलची ब्रेकची रबरं बघून या बरं!