जागे होण्याचा वेळ

गाडी उशिरा आली, तर माणूस गाडीला दोष देतो. संगणक उशिरा सुरू झाला, तर नवशिका माणूस बहुधा स्वतःलाच दोष देतो. आपलीच काहीतरी चूक झाली असावी, असे त्याला वाटते. यंत्राच्या संथपणाला तो आपला मंदपणा समजतो आणि मग त्याची शिकण्याची उमेदच ओसरू लागते.

1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे नर्मदेजवळच्या जबलपुरात स्थायिक झाली. अशाच एका घरातील सून लग्नामुळे सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेऊन दहावीच्या परीक्षेची तयारी करीत होती. तिच्यासाठी घरच्यांनी एक वापरलेला संगणक विकत घेतला होता. दुपारी स्वयंपाकघर आवरल्यानंतर, मुले शाळेतून परतण्यापूर्वी, तिला जेमतेम पाऊण तास मिळत असे. त्यातील कितीतरी वेळ पडद्यावर फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहण्यात जाई. एका दुकानदाराने नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. परंतु तेवढी ऐपत नव्हती. ‘‘बाबा, हे काही माझ्याच्याने व्हायचे नाही,’’ असे म्हणून तिने एके दिवशी पुस्तक मिटले.

सासरे गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले कारागीर होते. 1904 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे लेथ यंत्रापुढे गेली होती. संगणकाशी त्यांचा परिचय नव्हता; यंत्राच्या स्वभावाशी मात्र होता. ते म्हणाले, ‘‘सूनबाई, यंत्र कारणावाचून रेंगाळत नाही. आधी किती वेळ लागतो ते मोजू, मग कारण शोधू.’’

त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून मेजावर ठेवले. कळ दाबल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत सहा मिनिटे गेली. सुनेने तो आकडा वहीत लिहिला. केवळ मोजण्यानेच तिच्या मनावरचे दडपण थोडे उतरले. जे मोजता येते, त्यावर उपाय करता येईल, असे तिला वाटू लागले.

शेजारच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने त्यांना संगणक सुरू होण्याची रीत समजावून सांगितली. संगणक बंद केला, की त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतील म्हणजे ‘रॅम’मधील सर्व काही पुसले जाते. म्हणून सुरू होताना त्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून तयारी करावी लागते. प्रथम एक छोटा, कायम साठवलेला प्रोग्राम यंत्राचे भाग तपासतो. त्यानंतर डिस्कवरून विंडोजसारखी संचालन प्रणाली स्मृतीत आणली जाते. ती जागी झाली, की इतर प्रोग्रामना हाक मारते. आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेला ‘बूट होणे’ हे नाव पडले.

विद्यार्थ्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला आणि त्यातील ‘स्टार्टअप’ ही यादी दाखवली. घरात नसलेल्या प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांचा प्रोग्राम, दोन खेळ, गप्पांची साधने अशी बरीच मंडळी तेथे होती. संगणकात येतानाच त्यांनी आपली नावे या यादीत नोंदवून ठेवली होती. एकाच नळावर सगळी चाळ एकदम पाण्याला आली, तर कोणाचीच घागर लवकर भरत नाही. येथेही तसेच घडत होते.

सासऱ्यांनी कारखान्यातील शिस्त येथेही लावली. एका वेळी एकच बदल करायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, वेळ मोजायची आणि लिहून ठेवायची. यादीतील प्रोग्राम ‘डिसेबल’ केला, तरी तो संगणकातून जात नाही. फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. विषाणूरोधक प्रोग्राम आणि ज्यांचे काम ठाऊक नाही अशी नावे त्यांनी तशीच ठेवली. आठवड्याभरात सहा मिनिटांची चार मिनिटे झाली.

उरलेल्या विलंबाचे मूळ डिस्कमध्ये होते. जुन्या हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि माहिती वाचणारी सूक्ष्म भुजा त्यांवरून इकडून तिकडे सरकत राहते. एकाच वेळी अनेक ठिकाणची माहिती हवी असेल, तर तिची धावपळ होते. ‘एसएसडी’ नावाच्या साठवण साधनात फिरणारा भागच नसतो. त्यामुळे माहिती फार लवकर मिळते. नव्या संगणकाच्या मानाने त्याची किंमतही थोडी होती. आधी सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवली, मगच डिस्क बदलण्यात आली. त्यानंतर वहीत ‘पाऊण मिनिट’ अशी नोंद झाली.

प्रत्येक जुना संगणक असा सावरेलच असे नाही. वेग आला म्हणून सुरक्षितता येते, असेही नाही. उदाहरणार्थ, विंडोज 10 या प्रणालीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अशा वेळी नवी आवृत्ती किंवा लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली यांचा विचार करावा लागतो. तथापि यंत्र टाकून देण्यापूर्वी आणि त्याहूनही आधी स्वतःला नालायक ठरवण्यापूर्वी, विलंब नेमका कोठे होतो हे पाहणे प्रत्येकाला शक्य आहे.

वेळेच्या नोंदींनी त्या वहीची दोनच पाने भरली. उरलेल्या पानांवर सुनेने विज्ञानाची टिपणे काढली.