बाहेरचा पडदा

चित्रफितीचे संकलन करणारा माणूस ती चित्रफीत पाहत नसतो, असे कोणी म्हटले तर ते विधान चमत्कृतीसाठी केलेले वाटेल; पण संगणकासमोर दोन-चार महिने काढलेल्या कोणालाही त्यातले तथ्य चटकन पटावे. त्याच्यासमोर चित्र असते ते पडद्याच्या एका कोपऱ्यात. खाली टाइमलाइन पसरलेली, तिच्यावर दृश्यांचे तुकडे विटांसारखे रचलेले, ध्वनीच्या लहरी उंचसखल. पुढचे दृश्य किती अंतरावर आहे, माणूस केव्हा बोलू लागणार आहे, हे सारे त्याला आधीच ठाऊक. ज्याला भविष्य दिसते त्याला कंटाळा येत नाही आणि उत्कंठाही वाटत नाही. तो ती कृती हाताळत असतो, तिचा आस्वाद घेत नसतो. अभ्यासक्रमातली कादंबरी दहाव्या वर्षी शिकवणाऱ्या अध्यापकाची अवस्था याहून फार निराळी नसते. पण तो विषय वेगळा.

आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो. 2006 साली, नोकरीत अगदी नवे असताना, जात्यावरच्या ओव्यांविषयी एक छोटा माहितीपट करण्याचे आम्ही मनावर घेतले. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी ओव्या गोळा करण्याचे जे प्रचंड काम उभे केले, त्याच्या तुलनेत आमचा प्रपंच म्हणजे मावळातल्या एक आजी, एक जाते आणि उसना आणलेला डीव्ही कॅमेरा. संकलन संगणकावर, पण तयार झालेला भाग पाहायचा तो शेजारी ठेवलेल्या साध्या, काचेच्या टीव्हीवर, असा नियम आम्ही घालून घेतला. संगणकातून फायरवायरची केबल कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यातून पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांची केबल टीव्हीत. कॅमेरा इथे केवळ दुभाष्या: संगणकाकडून आलेले चित्र टीव्हीला कळेल अशा संकेतात बदलून देणारा. टीव्हीवरचे चित्र संगणकावरच्या चित्राच्या किंचित मागे राहत असे. म्हणून आवाजही टीव्हीचाच ऐकावा लागे, नाहीतर ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायची.

जात्याच्या घरघरीत शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून ओव्या आम्ही चित्राखाली लिहून दाखवणार होतो. टीव्हीवर त्या ओळी पहिल्यांदा उमटल्या आणि अक्षरे थरथरू लागली. संगणकावर तीच अक्षरे सुबक, निश्चल. कारण शोधता शोधता जे समजले ते मराठीच्या माणसाला जिव्हाळ्याचे वाटावे असे होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या चित्रात 625 रेषा, त्यांपैकी चित्राच्या 576. त्या सगळ्या एकदम रंगवल्या जात नसत. एकदा विषम, एकदा सम, अशी सेकंदाला 50 अर्धी चित्रे पडद्यावर येत. एखादी आडवी रेघ एकाच रेषेइतकी बारीक असेल, तर ती दोहोंपैकी एकाच अर्ध्यात येते, सेकंदाला 25 वेळाच उजळते आणि डोळ्याला लुकलुकताना दिसते. रोमन लिपीत आडव्या रेघा आखूड आणि तुटक असतात. देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा! आमच्या लिपीचा जो कणा, तोच या यंत्राला पेलवत नव्हता. शेवटी शिरोरेषा तीन-चार रेषांइतकी जाड असलेला टंक निवडला, कडा वरून-खालून थोड्या पुसट केल्या, तेव्हा ओळ स्थिरावली. संगणकावर तो टंक बोजड दिसे. कोणत्या पडद्यावरचे सौंदर्य खरे मानायचे, हा प्रश्न तिथे प्रथम उभा राहिला.

दुसरी गोष्ट चौकटीची. काचेच्या टीव्हीत चित्राच्या चारी कडांचा थोडा भाग आड जात असे. म्हणून महत्त्वाची हालचाल मधल्या 90 टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या 80 टक्क्यांत ठेवावीत, असा प्रसारणातला संकेत होता. हा संकेत कोणाला जाचक वाटत असेल तर त्याने खालच्या ओळीचे उकार चौकटीआड गेलेले पाहावेत. 'सून' या शब्दाचा 'सन' होतो आणि 'कूळ' या शब्दाचा 'कळ'. ओव्यांमध्ये सुनेला आणि कुळाला केवढे स्थान आहे, ते वाचकांना सांगायला नको.

खरा वाद झाला तो एका शांततेवरून. आजी एक ओवी संपवतात, मूठभर दाणे जात्यात टाकतात आणि मग सुमारे 40 सेकंद नुसतीच घरघर. त्यानंतर पुढची ओवी. टाइमलाइनवर त्या जागी एकसारखी जाड पट्टी दिसे, तिच्यात उठाव असा काहीच नव्हता. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, 10 सेकंद पुष्कळ झाले, प्रेक्षक ओव्या ऐकायला बसला आहे. दुसऱ्याचे म्हणणे, ओवी ही केवळ संहिता मानली तरच मधला काळ रिकामा. ती श्रमाची सोबत मानली तर तो काळही तिचाच मजकूर. आठवडाभर दोन्ही बाजूंनी भरपूर सिद्धान्तन झाले. (मराठीच्या अध्यापकांना त्यात कमी पडत नाही.) मग टीव्ही लावला, माउसपासून दूर, भिंतीला टेकून बसलो. संगणकावर पटकन सरणारी ती 40 सेकंदे इथे लांबली, अवघड वाटेपर्यंत लांबली. आणि त्या लांबण्यात दिसले की पुढची ओवी सुरू होण्यापूर्वी बराच वेळ आजींचे ओठ हलत आहेत. छोट्या चौकटीत ते हलणे लक्षात येण्याजोगे नव्हते. त्या आठवत नव्हत्या, जुळवत होत्या. ती ओवी त्यांनी तिथेच रचली असावी असा आमचा कयास आहे. छापील संग्रहांत ती आम्हाला आढळलेली नाही. 10 सेकंदांचा पक्ष घेणाऱ्याने तरीही पूर्ण माघार घेतली नाही. अखेर 31 सेकंद ठरले.

अर्थात टीव्ही म्हणजे कोणता टीव्ही? प्रसारणाच्या स्टुडिओत रंग मोजूनमापून लावलेले मॉनिटर असतात, ते आमच्या आवाक्याबाहेरचे. तयार फीत आजींना दाखवायला नेली, तर त्यांच्या घरच्या टीव्हीचा रंग पुरता चढवलेला. आम्ही जपलेले त्यांच्या लुगड्याचे हिरवेपण तिथे ओरडत होते. आजींना त्याचे काही वाटले नाही. ''जातं लई मोठं दिसतंय'' एवढेच त्या म्हणाल्या. 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक, वॉल्टर मर्च, यांनी 'इन द ब्लिंक ऑफ ॲन आय' या पुस्तकात सांगितले आहे की, संकलन करताना ते छोट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना कागदाची इवलीशी माणसे कापून ठेवतात. त्या माणसांच्या मानाने पडदा चित्रपटगृहाएवढा भासतो. आमची कागदी माणसे म्हणजे तो भडक टीव्ही.

आज काचेचे टीव्ही गेले, अर्ध्या-अर्ध्या चित्रांची थरथर गेली. त्याच फितीची सेकंदाला 25 चित्रांची प्रत आता एचडीएमआय केबलने नव्या टीव्हीवर लावली, तर वेगळाच चमत्कार दिसतो. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रे आपल्या पदरची घालतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. 2018 साली टॉम क्रूझने ही सोय बंद करा असे प्रेक्षकांना विनवले होते. 2019 साली काही कंपन्यांनी 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, त्यात ती बंद असते. क्रूझची विमाने असोत, आमचे जातेही या सोयीने बिघडते: पाळी तरंगत फिरते, दगडाचे वजनच नाहीसे होते. विद्यार्थी म्हणतात, आमचे पाहणारे मोबाइलवरच पाहणार. ते खरे आहे; मग त्यांना आम्ही त्यांची फिल्म एसटी स्टँडवर, उन्हात उभे राहून मोबाइलवर पाहायला लावतो. बाकीच्यांसाठी स्टाफरूमचा टीव्ही आहे. त्यावरची ती सोय आम्ही आधी बंद करतो आणि जाताना पुन्हा सुरू करून ठेवतो, कारण तिथे क्रिकेट पाहणाऱ्या मंडळींना चेंडू तसाच आवडतो.