आधी ताट, मग सुई : चिखलदऱ्यातील एक रात्र

वाचकहो, हिवाळ्याची सुटी आली की आमच्या वरूडकडील कुटुंबांचे पाय आपसूकच चिखलदऱ्याकडे वळतात. आंबिया बहाराची संत्री उतरलेली असतात, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड असते. मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा अशी गावे मागे टाकीत गाडी घाटाला लागली की सपाट काळ्या जमिनीची सवय झालेल्या डोळ्यांना सागाची दाट रांग दिसू लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील हे ठिकाण विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. भीमाने कीचकाला येथील दरीत फेकले, म्हणून हा 'कीचकदरा', अशी कथा प्रत्येक आजी नातवंडांना सांगते. शेजारचा गाविलगड किल्ला इंग्रजांनी १८०३ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेला मेळघाट येथूनच पसरलेला आहे. कॉफीची झाडे आणि मोथा गावची स्ट्रॉबेरी महाराष्ट्रात इतक्या जवळजवळ क्वचितच पाहावयास मिळतील.

हे सारे आपण पाहाच. परंतु आज मला आपल्याला घेऊन जायचे आहे ते तेथील एका हॉटेलच्या जेवणघरात, अकरा माणसांच्या एका लांब टेबलापाशी. त्या टेबलावर माझ्या हातून एक चूक घडली. मी तीस वर्षे रुग्ण तपासणारा डॉक्टर आहे आणि रुग्ण माझेच वडील होते. म्हणूनच ती आपल्याला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

गेल्या डिसेंबरात बाबांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. होम, तुला, औक्षण, पंगत हे सगळे वरूडच्या घरीच पार पडले. त्यानंतर दोन दिवस चिखलदऱ्याला जावे आणि एक रात्र 'चांगल्या' हॉटेलात सगळ्यांनी मिळून जेवावे, असा नातवंडांचा हट्ट होता. बाबांनी आयुष्यभर संत्र्याची बाग केली. बाहेर जेवणे म्हणजे त्यांच्या लेखी बाजाराच्या दिवशीची भजी. तरीही नातीने हात धरला तेव्हा ते लगेच तयार झाले.

बाबांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ ते मिश्र इन्सुलिन घेतात. ही सुई गेली आठ वर्षे माझी आई देत आली आहे. मी डॉक्टर असलो तरी मात्रा ठरविण्यापलीकडे त्या कामात माझा हात नाही. आईची पद्धत ठरलेली. वरण शिजले, भाजी उतरली, भाकरीचे पीठ परातीत आले की ती बाबांना हाक मारते, सुई देते, आणि बरोबर अर्ध्या तासाने ताट वाढते. स्वयंपाक तयार झाल्याशिवाय सुई नाही, हा तिचा नियम. तिने तो कोठेही लिहून ठेवलेला नाही, आणि मलाही तो त्या रात्रीपर्यंत नीटसा ठाऊक नव्हता.

चिखलदऱ्याला पोहोचल्यावर मी आईला म्हणालो, "आई, हे दोन दिवस तू आराम कर. बाबांची औषधे मी पाहतो." हेतू चांगलाच होता. दिवसभर आम्ही भीमकुंड आणि पंचबोल पॉइंट पाहिले. बाबा काठी टेकीत, थांबत थांबत, पण आनंदाने चालले. घरी ते अंगणापलीकडे फारसे जात नाहीत. अशा जादा चालण्याने स्नायू अधिक साखर वापरतात आणि तिचा परिणाम त्या रात्रीपर्यंत टिकतो, हे मी रुग्णांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मात्र स्वतःला सांगावयास विसरलो.

टेबल आठ वाजताचे होते. साडेसात वाजता मी खोलीतच बाबांना सुई दिली, नेहमीच्याच मात्रेने आणि नेहमीच्याच वेळी. आईने एकदा विचारले, "अन् ताट केव्हा येईन रे?" मी म्हणालो, "पोचल्याबरोबर येईल, आई."

वर्षअखेरीची गर्दी होती. टेबल रिकामे व्हायला सव्वाआठ झाले. मग फोटो झाले. मग बारीक अक्षरांची, मंद प्रकाशात न वाचता येणारी यादी हातोहात फिरली आणि मुलांनी दोनदा बेत बदलला. पावणेनऊला सूप आले. बाबांनी एक चमचा चाखून वाटी बाजूला सारली. त्यांना ते पिठाळ लागले असावे. सगळे बोलत होते, हसत होते. नऊ वाजून गेले तरी टेबलावर पोटात जाण्यासारखे काहीच नव्हते.

याच सुमारास बाबा गप्प झाले. समोरचा कागदी रुमाल ते घडी करीत, उलगडीत आणि पुन्हा घडी करीत राहिले. नातीने काहीतरी विचारले तर तिच्यावर खेकसले. ज्या माणसाने तिला आजवर उंच आवाजात हाक मारली नव्हती, तो माणूस! कोणी म्हणाले, आबाजी थकले. कोणी म्हणाले, घाट लागला असेल. वाचकहो, मीही तेच समजलो. मधुमेहाच्या रुग्णाशेजारी बसलेला डॉक्टर त्या क्षणी केवळ मुलगा होता आणि पनीरची वाट पाहत होता.

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती उठली, मागून आली आणि तिने बाबांच्या मानेवर हात ठेवला. डिसेंबरातल्या त्या थंडीत मान घामाने ओली होती. ती एवढेच म्हणाली, "यांची साखर उतरली."

मशीन खोलीत होती. पुतण्याला ती आणावयास पिटाळले, पण तिची वाट पाहिली नाही. वेटरने चहाची साखर आणली. चार चमचे साखर अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यात विरघळवून आईने घोटाघोटाने पाजली. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणूनच ते शक्य झाले. मशीन आली तेव्हा साखर ४८ होती, तीही पाणी पोटात गेल्यानंतर. पंधरा मिनिटांनी ८२. त्यानंतर आईने पर्समधून आपल्या बागेतली दोन संत्री काढली आणि सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली. मागोमाग पोळी-भाजी आली. बाबांनी मान वर केली, नातीकडे पाहिले आणि विचारले, "तू काहून रडून राह्यली?"

त्या रात्री तीन वाजता मी गजर लावून उठलो आणि पुन्हा साखर तपासली. दिवसभर चालणे झाले असेल, तर रात्री साखर दुसऱ्यांदा उतरू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत, विशेषतः ज्यांची मूत्रपिंडे वयाने मंदावली आहेत त्यांच्यात, हा धोका दुसऱ्या दिवसापर्यंतही राहतो. म्हणून 'आता बरे वाटते' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

सकाळी उन्हात बसलो असता मी बाबांना विचारले, तुम्हाला काही जाणवले नव्हते का? ते म्हणाले, "घाम फुटला तवाच मले समजलं होतं. पन म्हटलं, सगळ्यायचा आनंद कायले मोडा."

हे वाक्य मी आपल्यासाठीच जपून आणले आहे. समारंभात वृद्ध माणूस आपला त्रास लपवितो. लेकरांनी पैसे खर्चिले आहेत, सगळे सजून आले आहेत, अशा वेळी 'मला भूक लागली' म्हणणे त्याला लाजिरवाणे वाटते. त्यामुळे त्याने सांगावे याची वाट पाहू नका. वृद्धांमध्ये साखर उतरल्याची खूण पुष्कळदा हात कापणे किंवा छाती धडधडणे ही नसते. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या त्या खुणा झाकून टाकतात, घाम मात्र सहसा झाकला जात नाही. स्वभावाविरुद्ध चिडणे, एकाएकी गप्प होणे, शब्द अडखळणे, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे आणि थंडीतही मान ओली होणे, या खुणा लक्षात ठेवा. शंका आली की साखर मोजता आली तर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजणे लगेच शक्य नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या किंवा अर्धा कप फळांचा रस पाजा. बिनसाखरेचे 'डाएट' पेय येथे उपयोगाचे नाही. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू असतील तर साधी साखर हळू काम करते, म्हणून अशांनी ग्लुकोजची पूड जवळ बाळगावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, आणि मग पोटभर जेवण द्या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोंगरात मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून जवळचा दवाखाना कोठे आहे हे हॉटेलात उतरतानाच विचारून ठेवा.

दुसऱ्या रात्री आम्ही त्याच जेवणघरात पुन्हा गेलो. मुले नको म्हणत होती, बाबांनीच आग्रह धरला. या वेळी दुपारीच मी आचाऱ्याला भेटलो. सव्वासातला टेबल आणि बाबांसाठी ज्वारीची भाकर, मेथी आणि पातळ वरण तेवढे मागितले. मेळघाटातल्या स्वयंपाकघरात भाकरीला अडचण ती काय? तो हसून हो म्हणाला. मीठ आणि तेल बेताचे ठेवायला सांगितले, कारण हॉटेलच्या दाट रश्शातले मीठ दिसत नाही आणि रक्तदाब असलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी पायांच्या सुजेतून कळते. खिडकीजवळचे, भरपूर उजेडाचे आणि पायरी न लागणारे टेबल निवडले. बाबांना खोल सोफ्याऐवजी हातांची खुर्ची दिली. स्वच्छतागृहाची वाट आधीच पाहून ठेवली.

आणि सुई? ती आईच्या पर्समध्ये होती. भाकर टेबलावर आली, बाबांनी पहिला घास मोडला, तेव्हा आईने शालीच्या आडोशाने ती दिली. मिश्र इन्सुलिन साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास द्यावयाचे असते, हे खरे. पण जेवण केव्हा येईल याची खात्री नसेल, तर ताट समोर येईपर्यंत थांबणे अधिक सुरक्षित. एका रात्री साखर थोडी चढली तर ती दुसऱ्या दिवशी सावरता येते, पण उतरलेली साखर इतका वेळ देत नाही. आपल्या घरच्या रुग्णाचे इन्सुलिन कोणत्या प्रकारचे आहे, सहलीत ते केव्हा आणि किती द्यावे, चालणे वाढले तर मात्रा कमी करावी का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. आणि घरात जी व्यक्ती रोज ही सेवा करते, मग ती पत्नी असो, सून असो की मुलगा, तिलाही विचारा. तिला विश्रांती जरूर द्या, परंतु तिच्याकडून काम हाती घेताना तिची पद्धतही समजून घ्या. मी काम तेवढे घेतले आणि पद्धत आईजवळच राहिली.

त्या रात्री जेवणाअखेरीस सगळ्यांसाठी रबडी आली. बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले. तिने दोन चमचे त्यांच्या वाटीत घातले आणि वाटी पुढे सरकवली. मी काही बोललो नाही. टेबल आठच्या आत मोकळे झाले होते, मुले बाहेर थंडीत शेकोटीकडे पळाली होती, आणि एक्याऐंशी वर्षांचे बाबा ती रबडी अगदी सावकाश खात होते.