तासाआधीचा तास

माणसाच्या कामाचे तास कोणते धरायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा एक भोंगा वाजला की कामगाराचा दिवस सुरू होई आणि दुसरा वाजला की संपे. हे कुणालाही कळत असे. पण कीर्तनकाराचे काम कधी सुरू होते? दीड-दोन तास तो नारदाच्या गादीवर उभा असतो एवढेच आपण पाहतो. त्यासाठी त्याने किती रात्री पोथ्या चाळल्या ते बुक्का लावून घरी जाणाऱ्याला ठाऊक नसते. गृहिणीच्या तासांबद्दल तर बोलायलाच नको. दिवाळीच्या सकाळी फराळाचे ताट दहा मिनिटांत रिकामे होते. त्यातल्या चकलीची भाजणी मात्र आठ दिवस आधी धुतलेली, वाळवलेली, भाजलेली आणि दळून आणलेली असते.

शिक्षकाला मी याच पंक्तीत बसवतो. पण लोक बसवू देत नाहीत. मी पनवेलला शिकवत होतो तेव्हा जासईतले आमचे एक शेजारी रोज संध्याकाळी पारावर गाठून म्हणायचे, "मास्तर, तुमचा बरा हाय. शाला चार तासांची न् पगार अख्ख्या महिन्याचा!" मी हसून सोडून देई. त्यांना उत्तर देण्याइतका हिशेब तेव्हा माझ्यापाशी नव्हता. तो मला साता समुद्रापलीकडे, इथिओपियात मिळाला.

इथिओपियाचे नाव काढले की आजही लोक विचारतात, "तिकडे कसे काय गेलात?" त्याला कारण होते. १९३६ ते १९४१ या काळात तो देश इटलीच्या ताब्यात होता. शिकल्यासवरलेल्यांची एक अख्खी पिढी त्या पाच वर्षांत कापली गेली. पुढे सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने शाळा उघडल्या, पण शिकवायला माणसे कुठून आणायची? वरच्या वर्गांचे माध्यम इंग्रजी होते, म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून शिक्षक नेले. गेलेल्यांत केरळातले पुष्कळ होते. आमच्यासारखे मराठी मोजके. अमेरिकेच्या पीस कोअरची तरुण मुलेही १९६२ पासून तिथे शिकवायला येत होती. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून मी अर्ज केला आणि १९७१ च्या सप्टेंबरात देसी या गावी जाऊन पोहोचलो. माझ्या पिढीची इंग्रजीशी गाठ आठवीत पडलेली, तीही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे बोट धरून. आणि आता मी परक्या मुलांना त्यांच्या देशात जाऊन इंग्रजी शिकवणार होतो!

देसी हे अदिस अबाबाच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून २,५०० मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले गाव. खाडीकाठच्या दमट हवेत वाढलेल्या मला पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागे. संध्याकाळी घराघरांतून निलगिरीच्या सरपणाचा धूर निघे आणि थंडी हाडांत शिरे. मी पोहोचलो त्याच महिन्याच्या अखेरीस मेस्केलचा सण आला. चौकात लाकडे रचून मोठी होळी पेटवली होती, भोवती पिवळी फुले घेतलेली मुले नाचत होती. शिमगा आणि दसरा एकाच दिवशी आल्यासारखे वाटले, आणि परकेपणा निम्मा ओसरला.

उरलेला निम्मा तिथल्या घड्याळाने घालवला. त्या देशात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले बारा म्हणजे त्यांचे सहा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच सुमाराला उगवतो, तेव्हा ही मोजणी त्यांना अगदी सोयीची. शाळा आमच्या आठला, म्हणजे त्यांच्या दोनला भरे. यावर युक्ती सोपी होती : तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. पंचांगही निराळे, महिने तेरा. मी १९७१ साली निघालो आणि उतरलो तेव्हा तिथे १९६४ साल नुकतेच लागले होते. सात वर्षांनी लहान झाल्याचे सुख फुकटात मिळाले. पाहुण्यांना याचे फार नवल वाटे. मला तितकेसे वाटले नाही. घटका आणि पळे आपणही सूर्योदयापासूनच मोजत होतो, आणि जासईत माझी आजी वेळ सांगताना घड्याळ न पाहता "दिस कासराभर वर आला" असेच म्हणत असे.

लिपीनेही अशीच ओळख दिली. अम्हारिकची ३३ मूळ अक्षरे, आणि स्वराप्रमाणे प्रत्येकाची सात रूपे. आपल्या बाराखडीची जणू धाकटी बहीणच. शिक्षकाला शब्द होता 'अस्तेमारी'. मुलांनी वर्गातून ती हाक मारली की माझ्या कानाला ती 'मास्तर'च ऐकू येई.

आता कामाच्या तासांकडे येतो. माझ्याकडे पाच वर्ग होते, प्रत्येकाला आठवड्याच्या पाच तासिका. पाऊण तासाची एक, म्हणजे आठवड्याला पावणेएकोणीस तास. करारात मोजलेले काम एवढेच. पारावरचे आमचे शेजारी म्हणत ते खरेच वाटावे! पण एका वर्गात सरासरी ४८ मुले, म्हणजे वह्या २४०. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी बारा तास झाले. पाच वर्ग तीन निरनिराळ्या इयत्तांचे, म्हणजे आठवड्याला पंधरा वेगवेगळे पाठ. प्रत्येकाच्या तयारीला तासभर, की आणखी पंधरा. बेरीज पावणेशेहेचाळीस. शाळेच्या घंटेने मोजलेला एक तास आणि माझ्या खोलीतल्या कंदिलाने मोजलेला जवळजवळ दीड, असे ते प्रमाण होते.

पनवेलला एवढी तयारी लागत नसे, कारण तिथे अडले की मराठीचा आधार होता. शब्दाचा अर्थ सांगितला की मूल पुढे चालू लागे. देसीत तो आधार काढून घेतलेला. मला अम्हारिक येत नव्हती, आणि वर्गात अम्हारिक बोलणारी, ओरोमो बोलणारी, तिग्रिन्या बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतूनच द्यायचा, किंवा हाताने, चित्राने, वस्तूने. 'उधार' हा शब्द कसा दाखवाल? मी आदल्या रात्री नाटुकले रचले : एक मुलगा दुकानदार, दुसरा गिऱ्हाईक, आणि माझी रिकामी पाकिटे. वर्गात त्याला चार मिनिटे लागली, रचायला पाऊण तास गेला होता. बी.एड.ला आम्ही पाठाचे टाचण काढत असू ते बहुधा निरीक्षकांसाठी. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन असे रकाने भरले की झाले. देसीत ती टाचणवही माझ्या पोटापाण्याचे हत्यार झाली. त्यात मी एक रकाना स्वतःचा वाढवला : 'मुले इथे काय विचारतील?'

वडिलांना मी एकदा पत्रात हा सगळा हिशेब लिहून कळवला. ते शाळा फारशी शिकले नव्हते. धाकट्या भावाकडून उत्तर लिहवून घेतले. त्यात होते, "लावनी सगल्यांना दिसते, राब कुनाला दिसतो?" आमच्याकडच्या भातशेतीची ज्याला माहिती आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. हिवाळ्यापासून पालापाचोळा, टहाळ, शेण गोळा करायचे, वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात भाजायचे, त्या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या तोंडावर बी टाकायचे. मग आषाढात लावणी होते, गाणी म्हटली जातात, येणारे-जाणारे बांधावर उभे राहून पाहतात. राब भाजणाऱ्याच्या वाट्याला फक्त धूर येतो. दोनशे चाळीस वह्यांचे माझे ओझे त्या एका ओळीने हलके केले.

पण तयारी म्हणजे नुसता वेळ नव्हे, हे मला १९७३ च्या मार्चमध्ये कळले.

आदल्या वर्षी वोलो प्रांतात पाऊस झाला नव्हता. देसी हे त्या प्रांताचे मुख्य ठिकाण. सखल भागातली माणसे गुरे मेल्यावर, दाणा संपल्यावर रस्त्याने देसीकडे चालत येऊ लागली. आम्ही शाळेला जाताना ती कडेला बसलेली दिसत. त्याच सुमारास सोलापूरकडच्या माझ्या एका मित्राचे पत्र आले. तिकडेही १९७२ चा दुष्काळ होता. शेतकरी बायकामुलांसह खडी फोडत होते, मिलोच्या भाकऱ्या आणि सुकडी खात होते. त्याने ते मोकळेपणाने लिहिले होते, कारण आपल्याकडे दुष्काळाला दुष्काळ म्हणता येत होते. वोलोत सरकार मूग गिळून बसले होते.

आणि माझ्या पाठ्यपुस्तकात पुढचा धडा होता एका इंग्रज कुटुंबाच्या न्याहारीचा! अंडी, लोणी, मुरंबा, आणि "आणखी थोडे घ्या ना" असा आग्रह. टाचण तयार होते, चित्रेही काढून झाली होती. रात्री ती वही पुढे घेऊन मी बराच वेळ बसलो. माझी नोकरी कराराची. गावाकडे भावाचे कॉलेज माझ्या पैशांवर चाललेले. परक्या शिक्षकाने पुस्तकाबाहेर जाऊ नये, असे एका वरिष्ठांनी त्याच आठवड्यात सौम्यपणे सुचवले होते. तरी मी ते पान फाडले आणि नवे टाचण लिहिले. व्याकरण तेच ठेवले, साधा भूतकाळ. विषय एवढाच : 'आज शाळेत येताना काय पाहिले?' वह्या मात्र शिक्षकांच्या खोलीत न ठेवता घरी आणल्या.

एका मुलाने तीनच वाक्ये लिहिली होती. माणूस चालत होता. मग तो बसला. संध्याकाळीही तो बसलेलाच होता. भूतकाळाची रूपे बिनचूक होती. मी लाल पेन खाली ठेवले. त्या वहीला तीन मिनिटांहून फार अधिक वेळ लागला, आणि तो कुठल्या हिशेबात धरावा हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढे मुलांनी आपसांत वर्गणी काढली, डब्यातली इंजेरा आणून रस्त्यावर वाटली. मला कुणी काही बोलले नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जोनाथन डिम्बलबी यांची चित्रफीत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि जगाला वोलोचा दुष्काळ कळला. माझा करार १९७४ च्या उन्हाळ्यात संपला. मी जासईला परतल्यावर काही आठवड्यांनीच, १२ सप्टेंबरला, सम्राटांना पदच्युत केल्याची बातमी आकाशवाणीवर ऐकली. माझ्या वर्गातली मुले तेव्हा कुठे असतील, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

जासईचेही पुढे सगळेच बदलले. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या. दि. बा. पाटील आमच्याच गावचे. त्यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि रस्त्यांवर कंटेनरांच्या रांगा लागल्या. मुलांना बंदरात, गोदामांत, विमानतळावर नोकरी हवी असते. तिथे इंग्रजी लागते. म्हणून संध्याकाळी ओटीवर मी अजून शिकवतो, आणि त्याआधी दुपारी टाचण काढतो. एवढ्या वर्षांनी त्याची गरज काय, असे घरची मंडळी विचारतात. मुले नवी आहेत, एवढेच मी सांगतो.

त्या ओटीवर शिकलेली एक मुलगी अलीकडे मालदीवला इंग्रजीची शिक्षिका म्हणून गेली. जाण्याआधी करार घेऊन आली. "सर, आठवड्याला तासिका फार नाहीत. शुक्रवार-शनिवार सुट्टी. बरेच मोकळे राहता येईल ना?" मी तिला माझा पावणेशेहेचाळीसचा हिशेब मांडून दाखवला. तिचे तोंड उतरलेले पाहून वडिलांची ओळही सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, राब म्हणजे काय?"

तिचा जन्म जमिनी गेल्यानंतरचा. भाताचे शेत तिने रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेले. तिला म्हटले, "उद्या ये, सांगतो." आणि त्या रात्री मी कपाटातून जुनी वही काढली, वाफा, टहाळ, शेणी, धूर, पहिला पाऊस, अशी एकाखाली एक चित्रे काढत बसलो.