पसंतीक्रमाचा कागद

लेकीचा सीईटीचा निकाल लागला आणि घरात एकच विषय उरला: समुपदेशक लावायचा की नाही. धुळ्याचे दाजी कळकळीनं म्हणाले, "फॉर्म चुकला तर वर्ष हातचं जाईल, पैशाकडे बघू नका." जळगावला परतताना पारोळा, एरंडोल मागे पडलं तरी एसटीत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. भीती खोटी नव्हती. 2025 पासून कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर पुढच्या फेऱ्या बंद. दुसरीत पहिल्या तीन, तिसरीत पहिल्या सहा पसंतींना तोच नियम. सगळी मदार क्रमावर.

पण मागचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मग समुपदेशक देतो काय? बहुधा धीर. तो लेकीपेक्षा मलाच हवा होता. चोपडा-यावलकडच्या ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी इंजिनिअरिंगला निघालंय, त्यांनी त्यासाठी पैसे मोजले तर नावं ठेवू नयेत.

रात्री ती पेन्सिलीनं नावं लिहीत होती. वर सीओईपी, व्हीजेटीआय. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी पाचवं. ते खोडलं, एक घर वर लिहिलं, पुन्हा खोडलं. तिथला कागद विरविरीत झाला. खोडरबराचा भुगा झटकत म्हणाली, "पप्पा, इथं घरून जाता येईल. पण मला घरून जायचंय का, तेच कळत नाहीये."

मला तिला हो म्हणायचं होतं आणि नाहीही.

समुपदेशक लावला नाही. जळगावचा क्रम अजून ठरायचाय, आणि फॉर्मची मुदत परवा संपते.