एका घरात नंबर वाटणारे दोघे

आमच्या घरी वायफाय आले २०२१ साली. मुलांच्या शाळा तेव्हा मोबाईलवर भरत होत्या. विक्रोळीच्या वस्तीत आमची खाली एक खोली आणि वर माळा. केबलवाल्याने पांढरा डबा खालच्या भिंतीवर बसवला, पण माळ्यावर वायफायची एकच दांडी दिसे. थोरली मुलगी अभ्यासाला वरच बसते. म्हणून २०२४ च्या जून महिन्यात आम्ही एक शहाणपणा केला. आम्ही ज्या ऑफिसात शिपाई आहोत तेथे एक जुना राउटर भंगारात निघाला होता, तो साहेबांना विचारून घरी आणला. खालच्या डब्यातून वायर ओढून वर नेली. राउटरला चार पिवळी भोके आणि एक निळे. पिवळ्यात खुपसली. नाव आणि पासवर्ड खालचाच दिला. दिवे लागले, दांड्या भरल्या, सौ. ने चहा टाकला.

त्याच आठवड्यात हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप घरात आला. मुलीच्या डिप्लोमा प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे त्यावर चढवायचे. शेवटच्या दिवशी आम्ही दुपारी कामावरून आलो तर ती कपाळाला हात लावून बसलेली.

"पप्पा, वायफाय कनेक्ट दाखवतंय, पण इंटरनेट नाही."

आम्ही आमचा मोबाईल काढून पाहिला. व्यवस्थित चालत होता. वाचकहो, आता लिहिताना लाज वाटते, पण आम्ही म्हणालो, "आमचं चालतं, तुझंच बरं बंद पडतं? रात्री सिनेमे बघताना कसं बंद पडत नाही? चार दिवस काय करत होतीस?" मुलगी काही बोलली नाही.

कंपनीला फोन लावला. "डबा बंद करून पुन्हा चालू करा," इतकेच उत्तर. तीनदा केले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि सायबरवाल्याकडे ही रांग. घरात वायफाय आल्यापासून मोबाईलचे डेटा पॅक आम्ही बंदच केले होते. शेवटी सौ. ने आमच्या भाच्याला बोलावले. तो केबलच्या जोडण्या करणाऱ्या पोरांबरोबर काम करतो.

"जयभीम मामा," म्हणत तो आत आला आणि पहिल्यांदा खालच्या डब्याचे दिवे बघितले. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा. 'लॉस' लिहिलेला लाल दिवा पेटलेला असता, तर बाहेरून येणारी काचेची तार तुटली किंवा मुडपली असे समजायचे आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. "बाहेरचं सगळं ठीक आहे मामा. भानगड घरातच आहे."

मग त्याने आमच्या मोबाईलचा आयपी अ‍ॅड्रेस काढला: १९२.१६८.१.१०४. लॅपटॉपचा काढला: १९२.१६८.०.१०१. "हे बघा, तिसरा आकडा वेगळा. एका घरातली दोन माणसं दोन वेगळ्या चाळींचे पत्ते सांगतायत."

त्याने समजावले ते असे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. तो डबाच काही काळापुरता उसना देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. रेशन दुकानातल्या टोकनासारखेच. जगात असे नंबर ४२९ कोटींच्या आसपासच होतात, आणि शिल्लक असलेले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. ही टंचाई आधीच दिसत होती. म्हणून काही नंबर फक्त घरातल्या घरात वापरायला राखून ठेवले गेले. त्याचा आजचा नियम १९९६ चा. त्यामुळे १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर तुमच्या घरी, आमच्या घरी आणि साहेबांच्या बंगल्यातही सारखेच. (एवढी समता तरी आहे, असे आमच्या मनात आले.) नंबर वाटणारा कोणीच भेटला नाही तर यंत्र स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर लावून घेते. तो दिसला की टोकन मिळालेच नाही असे समजावे.

आमच्याकडे मात्र टोकन वाटणारे दोघे झाले होते. खालचा डबा वाटत होताच, वर आमचा भंगारातला राउटरही जुन्या सवयीने वाटू लागला. मोबाईल आपला जुनाच नंबर खालच्याकडून पुन्हा मागून घेई. लॅपटॉप घरात नवा. आधी ज्याने हाक दिली त्याचे टोकन त्याने घेतले आणि इंटरनेट मागायला वरच्या राउटरकडे गेला. त्याच्याकडे इंटरनेट होतेच कुठे?

भाच्याने वरची वायर उपटली, राउटर बंद केला. मुलीने लॅपटॉप खाली आणून वायफाय पुन्हा जोडले. नंबर आला १९२.१६८.१.१०७. पावणेसात वाजता अर्ज गेला, पावती निघाली.

रविवारी भाचा पुन्हा आला. वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता त्याने १९२.१६८.१.२ करून ठेवला आणि त्याचे डीएचसीपी बंद केले. खालचा डबा १०० पासून पुढचेच नंबर वाटतो, त्यामुळे हा २ कुणाशी भांडत नाही. वायर पिवळ्याच भोकात ठेवली. ते तेवढे आमचे बरोबर निघाले! लॅपटॉपला हाताने कायमचा नंबर टाकून देऊ का, असे आम्ही विचारले, तर म्हणाला, "नको मामा, उद्या तोच नंबर दुसऱ्याला गेला तर दोघंही लटकतील."

तो गेल्यावर आम्ही मुलीला म्हणालो, "चूक आमची होती."

"मला दुपारीच वाटलं होतं, त्या वरच्या डब्यामुळं होतंय म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं का पप्पा?"

आम्ही गप्प बसलो. तिने वहीचे एक पान फाडले, त्यावर १९२.१६८.१.२ लिहिले आणि चिकटपट्टीने राउटरच्या पाठीवर लावले.