मिसरातले कांदे

बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात माणसं कांद्यासाठी रडतात. मिसरच्या गुलामीतून नुकतीच सुटलेली माणसं. रानात रोज मान्ना, देवानं दिलेलं अन्न, मिळतोय, आणि यांना आठवतंय काय, तर तिथली मासळी, काकड्या, कांदे, लसूण! लहानपणी संडे स्कूलमध्ये हे ऐकून मी हसलो होतो. आता हसू येत नाही. चाबकाचे वळ बुजतात, जिभेवरची चव राहते.

मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला आणखी सुमारे पाच वर्षं लागली. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटतं, त्यांची वाट कुठल्या मोठ्या सिद्धान्तानं अडवली नव्हती. अडवली होती ती अशाच एका जुन्या सवयीनं, पाण्याच्या तांब्यानं. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी वेगळंच होतं. ते कुणी हिसकावून घेतलं नाही. माणसामाणसांत हा भेद केला कुणी, असा विचार करता करता त्यांनी तो आपणच सोडला.

आम्ही जन्माचे ख्रिस्ती. हे सगळं आम्ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं ऐकतो. सोडायचं होतं ते आजापणजांनी सोडलं. आमच्या वाट्याला आयतं देऊळ आलं, आयती गीतं आली.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी देवळात पोचायला मला उशीर झाला. डावीकडचा तिसरा बाक, खिडकीजवळची कड, वर पंखा. ही माझी जागा. तिथं वीटभट्टीवरचं एक कुटुंब बसलं होतं. पोराच्या पायांचा चिखल बाकाला लागलेला. मी मागं जाऊन बसलो. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं टिळकांचं गीत सुरू झालं. ओठ हलत होते, डोळे मात्र त्या चिखलावर. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा कळलं, माझा तांब्या तो हाच.

टिळकांनी घर सोडलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९१७ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगारही सोडला. ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. पुढं दोनच वर्षं ते जगले. मला हे दुसरं सोडणं अवघड वाटतं. पहिल्या वेळी माणूस परकं झालेलं सोडतो; दुसऱ्या वेळी जे देवानंच दिलं असं वाटत आलं, तेच सोडावं लागतं. श्रद्धेनं बांधलेलं घरही शेवटी घरच. तिथंही कोपरे आपले होतात, आणि दाराशी उभ्या असलेल्याला आत घ्यायचं राहून जातं.

पुढच्या रविवारी ते कुटुंब पुन्हा तिथंच बसलं होतं. मी त्यांना जरा सरकायला सांगितलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिथं पंख्याचा वारा लागत नाही. अजून सवय झालेली नाही.